विश्लेषण : पोलीस ठाण्यातून निघताना हातात कोणता कागद आहे?

फोन चोरीला गेला. शेजाऱ्याने कानाखाली मारली. रात्रीचे साडेअकरा झाले तरी समोरच्या हॉलमधला डीजे थांबत नाही. फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे आणि सोसायटी ‘पोलीस एनओसी’ मागते आहे. शहरात राहणाऱ्या माणसाचा पोलिसांशी संबंध येतो तो बहुतेक वेळा अशाच कारणांनी. प्रश्न साधे असतात, पण उत्तरे ठाण्यातल्या बाकावर बसून, शेजारच्या माणसाला विचारून किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मिळतात. तिथे मिळणारी माहिती अर्धी खरी असते, आणि नुकसान होते ते उरलेल्या अर्ध्यामुळे.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. जुनी कलमे बदलली, काही अधिकार पहिल्यांदाच कायद्यात लिहिले गेले. पण ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या तक्रारदाराला ते सांगणारे कुणी नसते.

‘तक्रार दिली’ म्हणजे नेमके काय दिले?

नागरिकांच्या निम्म्या तक्रारींचे मूळ या एका वाक्यात आहे. ‘आम्ही पोलिसांत तक्रार दिली, पुढे काहीच झाले नाही’ असे सांगणाऱ्याकडे कागद मागितला, की बहुतेकदा स्वतःच लिहिलेला अर्ज निघतो. त्यावर ठाण्याचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख असते. ही पोच आहे. पोलिसांना माहिती मिळाली, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. गुन्हा नोंदवला गेला, असे तिच्यावरून ठरत नाही.

ठाण्यातून मिळणारे कागद साधारण चार प्रकारचे. अर्जाची पोच, गहाळ वस्तूचा दाखला, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद म्हणजे ‘एनसी’, आणि प्रथम खबर अहवाल म्हणजे एफआयआर. तपास सुरू होतो तो यातल्या फक्त शेवटच्या कागदावर. एफआयआरवर गुन्हा रजिस्टर क्रमांक (बोलीभाषेत ‘गुरनं’), वर्ष, लावलेली कलमे, आणि घटनेची व खबर दिल्याची वेळ असते. त्याची प्रत तक्रारदाराला, तसेच पीडित व्यक्तीला विनामूल्य द्यावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. झेरॉक्सचे पैसे मागणे किंवा ‘दोन दिवसांनी या’ म्हणणे त्यात बसत नाही.

राज्य पोलिसांच्या पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते, ही सोय चांगलीच आहे. पण ती ऑनलाइन तक्रारही आधी अर्जच असते. नव्या कायद्यानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते. मात्र ती एफआयआर म्हणून नोंदली जाण्यासाठी तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन त्यावर सही करावी लागते. मोबाइलवरून तक्रार पाठवली आणि निश्चिंत झाले, असा समज अनेकांना महागात पडतो.

हरवला की चोरला?

लोकलमध्ये चढताना फोन गेला. प्रवासी लोहमार्ग पोलिसांकडे जातो. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘कुणी काढताना पाहिले का?’ पाहिले नसेल तर सल्ला मिळतो, ‘मग गहाळ झाला असे लिहा, लगेच दाखला मिळेल, सिमकार्ड काढता येईल.’ थकलेला माणूस सही करून मोकळा होतो.

खिसेकापूला पाहिले नाही, याचा अर्थ फोन हरवला असा होत नाही. पाहू नये म्हणूनच तर खिसा कापतात! ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ या दोन शब्दांमधले अंतर मोठे आहे. गहाळ दाखल्यावर कुणी आरोपी नसतो, तपास अधिकारी नसतो, तपासही नसतो. फोनचा चोरीचा विमा असेल तर कंपनी साधारणपणे एफआयआर मागते आणि दाखला घेऊन गेलेला ग्राहक परत फिरतो. शिवाय एकाच फलाटावर महिन्यात किती फोन चोरीला गेले, याची नोंदही चुकीची होते. तिथे बंदोबस्त वाढवायचा की नाही, हे त्या नोंदीवर ठरते. म्हणजे एका प्रवाशाची घाईतली सही पुढच्या प्रवाशालाही भोवते.

नव्या कायद्याने यात एक गंमतशीर गुंतागुंत आणली आहे. न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. पदपथावरून चालताना खिशातून दोन हजार रुपये गेले, तर पोलीस कायद्यावर बोट ठेवून एनसी देऊ शकतात. पण तेच दोन हजार लोकलमध्ये किंवा बसमध्ये गेले तर लागू होते कलम ३०५. प्रवासी वाहनातून केलेल्या चोरीला या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. घरातल्या चोरीलाही हेच कलम लागते. हातातून हिसकावून नेणे हा तर कलम ३०४ चा स्वतंत्र दखलपात्र गुन्हा झाला आहे. त्यामुळे जबाब देताना वस्तू कुठे आणि कशी गेली, हे नेमके सांगणे महत्त्वाचे. ‘दादरला गेला’ आणि ‘दादरला गाडीत चढल्यावर, डब्यात गेला’ या दोन वाक्यांनी कलम बदलते.

फोन खरोखरच रिक्षात विसरला असेल तर गहाळ दाखला पुरेसा आहे. दोन्ही प्रसंगी एक काम मात्र लगेच करावे. पोलिसांकडच्या नोंदीची प्रत आणि फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून तो फोन देशभरातल्या नेटवर्कवर बंद करता येतो. २०२३ पासून ही सोय सगळ्या राज्यांत आहे. आयएमईआय फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो. खोके रद्दीत देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवलेला बरा.

एनसी म्हणजे केराची टोपली?

पार्किंगवरून बाचाबाची झाली, एकाने दुसऱ्याला चापट मारली. किरकोळ दुखापत अदखलपात्र आहे, म्हणून पोलीस एनसी घेतात. इथे त्यांची चूक नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अदखलपात्र प्रकरणाचा तपास करण्याचा अधिकारच त्यांना नाही. तक्रारदाराला वाटते पोलिसांनी गुंडाळले. पोलिसांना वाटते याला कायदा कळत नाही. दोघेही चिडतात.

एनसी निरुपयोगी मात्र नाही. तक्रारदार ती घेऊन थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. नव्या संहितेच्या कलम १७४ नुसार अशा प्रकरणांचा दैनंदिन अहवाल पोलिसांनी दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आहे. एकाच माणसाविरुद्ध एनसी साठत गेल्या, तर पोलीस प्रतिबंधक कारवाई करू शकतात. ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती हीच. चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून द्यावे लागेल म्हटल्यावर बरेच दादा शांत होतात.

खटकते ते वेगळेच. चापट नव्हती, लोखंडी गज होता. हाड मोडले, किंवा घातक हत्याराने जखम झाली. तरीही हातात एनसी येते. अशा वेळी सरकारी रुग्णालयातला वैद्यकीय दाखला निर्णायक ठरतो, म्हणून आधी उपचार आणि तपासणी, मग इतर सगळे. दाखल्यात फ्रॅक्चर निघाले तर तो दाखला घेऊन पुन्हा ठाण्यात जावे आणि गंभीर दुखापतीचे कलम लावण्याची लेखी मागणी करावी.

‘आमची हद्द नाही’

हे वाक्य आता कायद्याने बाद आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र असेल तर कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची आणि योग्य ठाण्याकडे वर्ग करायची. याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. पूर्वी ही पद्धत सरकारी परिपत्रकांच्या आधारावर चालत होती. आता ती थेट कलम १७३ मध्ये आहे. ठाणे-मुंबई किंवा पुणे-पिंपरी अशा शहरांत, जिथे रस्त्याच्या एका बाजूला एक आयुक्तालय आणि दुसऱ्या बाजूला दुसरे, तिथे हे फार उपयोगाचे आहे.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले. नव्या कायद्याने त्यात एक फट ठेवली आहे. तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. फसवणुकीच्या आणि मालमत्तेच्या वादांत ही तरतूद पोलिसांना सोयीची वाटणार, हे उघड आहे. तेव्हा ‘चौकशी चालू आहे’ असे उत्तर मिळाले, तर परवानगी कोणत्या तारखेची, असे विचारावे. चौदा दिवस तिथून मोजायचे आहेत.

ठाण्याने नकारच दिला तर? तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांकडे पाठवायची. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तो शपथपत्रासह करावा लागतो आणि आधीच्या पायऱ्या चढल्याचा पुरावा जोडावा लागतो. रजिस्टर्ड पोस्टाची पावती जपून ठेवायची ती यासाठी. लैंगिक अत्याचार, विनयभंग, ॲसिड हल्ला अशा ठरावीक गुन्ह्यांची खबर नोंदवून घेण्यास नकार देणाऱ्या सरकारी सेवकाला तर न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आहे.

अडचण अशी, की नकार कधीच लेखी मिळत नाही. ‘साहेब बंदोबस्तात आहेत’, ‘उद्या या’, ‘आपसात मिटवा’ अशा शब्दांत तो येतो. ज्या दिवशी ठाणे अंमलदाराला नकाराचे कारण दोन ओळींत लिहून द्यावे लागेल, त्या दिवशी निम्मे नकार आपोआप थांबतील. गृह विभागाने हे एका आदेशाने करता येण्यासारखे आहे. त्याला ना निधी लागतो, ना नवे मनुष्यबळ.

भाडेकरू आणि ‘पोलीस एनओसी’

घर भाड्याने देताना दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची सर्रास गल्लत होते. एक म्हणजे करारनामा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वाद झालाच तर भाडे-अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

दुसरी गोष्ट, पोलिसांना माहिती देणे. ही सक्ती वरच्या कायद्यातून येत नाही. पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी प्रतिबंधात्मक आदेश काढतात, पूर्वी कलम १४४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकत नाही. राज्य सरकारने मुदत वाढवली तरी फार तर आणखी सहा महिने. म्हणून तो पुन्हा पुन्हा काढला जातो. तो लागू असताना माहिती दिली नाही तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होतो. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण आदेश मागतो ती माहिती, परवानगी नव्हे. मालकाने भाडेकरूचा तपशील पोर्टलवर भरला आणि पोच मिळाली, की त्याचे काम झाले. पोलीस भाडेकरूला ‘पास’ करत नाहीत. त्यामुळे ‘पोलीस एनओसी आणल्याशिवाय सामान वर चढवू देणार नाही’ हा सोसायटीचा पवित्रा कायद्यात बसत नाही. अविवाहित मुली, परप्रांतीय, दुसऱ्या धर्माचे कुटुंब, यांना दारातच थांबवण्यासाठी ही एनओसी अनेक ठिकाणी वापरली जाते. पोलिसांचे नाव घेऊन सोसायटीचे पूर्वग्रह पुढे केले जातात आणि पोलिसांनाही त्याचा पत्ता नसतो. आजचा आदेश कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे आणि तो नेमके काय मागतो, हे प्रत्येक आयुक्तालयाने संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर मराठीत ठेवले, तर वॉचमनच्या खुर्चीजवळ होणारी बरीच भांडणे वाचतील.

डीजे, भोंगे आणि तक्रारदाराचे नाव

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देता येते. गणेशोत्सव, नवरात्र अशा सणांतले ठरावीक दिवस त्यात येतात आणि जिल्हाधिकारी ती यादी जाहीर करतात. या यादीत हळदी आणि वाढदिवस नसतात. आणि रात्री दहापूर्वी कितीही आवाज चालतो, हाही गैरसमजच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्रीची ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरला, की मर्यादा आणखी पाच डेसिबलने खाली येते.

लोकांना नियम माहीत नसतो असे नाही. ११२ ला फोन करायला ते घाबरतात, कारण अर्ध्या तासाने मंडळाचे कार्यकर्ते दारात उभे राहतात, ‘काका, तुम्ही फोन केला होता का?’ ही भीती खोटी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना याच मुद्द्याची दखल घेतली. तक्रारदाराची ओळख न विचारता, न पडताळता पोलिसांनी कारवाई करावी आणि त्याचे नाव उघड करू नये, असे न्यायालयाने बजावले. त्यामुळे फोनवर ‘नाव सांगा, नाहीतर गाडी पाठवणार नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते या निर्देशांच्या विरुद्ध आहे. ठिकाण आणि वेळ नीट सांगावी. तेवढे पुरेसे असते.

सगळेच पोलिसांचे काम नाही

पोलिसांवर राग निघतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या अखत्यारीत नसतात. अनधिकृत बांधकाम, पदपथावरचे फेरीवाले, कचरा, भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण ही महापालिकेची कामे. मुंबईत त्यासाठी १९१६ हा क्रमांक आहे. सोसायटीची निवडणूक, हिशेब, देखभाल शुल्क यांचा वाद सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीसाठी ठाण्यात गेल्यास फार तर दोघांना बसवून समजावतील. मात्र मारहाण किंवा धमकी झाली की तो भाग पोलिसांचा. ‘हा सोसायटीचा अंतर्गत मामला आहे’ हे कारण तिथे चालत नाही.

अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेल्यास आपणच अडकू, ही भीतीही अजून गेलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४ अ मध्ये मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे. नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

‘साहेबांनी बोलावलंय’

अचानक फोन येतो आणि ठाण्यात हजर राहायला सांगितले जाते. जावे का? साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल तर पोलिसांनी लेखी आदेश द्यायचा असतो. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराखेरीज कुठेही येण्याची सक्ती करता येत नाही. कलम १७९ तसे सांगते. त्यांची स्वतःची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. संशयित म्हणून बोलावताना, जिथे अटकेची गरज नाही तिथे, कलम ३५ खाली नोटीस द्यावी लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच असेल तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यायची.

ही कलमे ज्याला ठाऊक आहेत, तो ‘डिजिटल अरेस्ट’च्या सापळ्यात सहसा सापडत नाही. व्हिडीओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे ठाण्याचा फलक असतो, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, खोलीतून हलायचे नाही’ असे सांगतो आणि खाते ‘तपासण्यासाठी’ पैसे मागतो. कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही, आणि व्हिडीओ कॉलवर पैसे घेण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही. या जाळ्यात अडकणाऱ्यांत निवृत्त, सुशिक्षित ज्येष्ठ बरेच आहेत. खाकीसमोर प्रश्न विचारायचा नसतो, हे आयुष्यभर अंगवळणी पडलेले असते. ठग नेमका त्याचाच फायदा उठवतो.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन १९३० ला. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. पण तिथे मिळणारा क्रमांक हीही पोचच आहे. एफआयआर झाला की नाही, हे सायबर पोलीस ठाण्यात विचारावे लागते. झाला असेल तर तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, मोबाइलवर संदेश पाठवूनही ते चालते. तो संदेश आला नाही, तर ९१ व्या दिवशी गुन्हा रजिस्टर क्रमांक टाकून वरिष्ठ निरीक्षकांना पत्र द्यायचे आणि त्याचीही पोच घ्यायची.